देवळातून आलेली बकरी

"या नियमांप्रमाणे वाघ कधीच जिंकू शकत नाही," असं त्या एआयनं मला लिहून कळवलं, तेव्हा मी त्याला मूर्ख म्हटलं. मनातल्या मनात नव्हे, चक्क टाइप करून. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतेय मी. उत्तर चुकलं असेल तर ते समोरच्याचं, हे धरूनच चालायची मला सवय. त्यानं काही मनावर घेतलं नाही. उलट नम्रपणे विचारलं, "हा नियम असाच ठेवायचा आहे का?"

असाच म्हणजे? तो नियम आमच्या घरचा होता. आमच्या घरात तो माझ्या जन्माआधीपासून आहे अशी माझी समजूत होती.

पण आधी हे सांगायला हवं की मी त्या फंदात पडले कशी. गेल्या उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या तोंडावर, सोलापुरातल्या आम्हा शिक्षकांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. तंत्रस्नेही शिक्षक व्हायचं होतं आम्हाला. हॉलमध्ये दोन कूलर, त्यातल्या एकात पाणी नव्हतं, आणि दुसऱ्यासमोर मुख्याध्यापक मंडळी आधीच बसलेली. शिकवायला आलेली मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. ती म्हणाली, "कोडिंगचा एक शब्दसुद्धा यायची गरज नाही. कसला खेळ हवा ते साध्या मराठीत सांगा. एआय खेळ बनवून देईल. लगेच खेळता येईल असा." मागून कुणीतरी विचारलं, "शालेय पोषण आहाराची माहितीपण भरून देईल का?" सगळा हॉल हसला. मीही हसले, कारण मला त्यातलं काहीच खरं वाटलं नव्हतं.

बाकीच्यांनी पाढ्यांचे खेळ घेतले, राज्यं आणि राजधान्या घेतल्या. मी घेतला वाघ-बकरी. कारण साधं होतं. त्या खेळात मी जन्मात एकदाही हरले नव्हते.

आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं. कोरडा मुलूख, पाऊस नावाला, घरोघरी मेंढरं नाहीतर शेळ्या. तिथं देवळाच्या फरशीवर हा पट कोरलेला असायचा आणि घरात आम्ही तो कोळशानं आखायचो. आडव्या पाच, उभ्या पाच रेघा, शिवाय तिरक्या. रेघा जिथं मिळतात ते घर. अशी पंचवीस घरं. चार कोपऱ्यांत चार वाघ. ते म्हणजे खापराचे तुकडे. बकऱ्या वीस, चिंचोक्यांच्या. आपल्या पाळीला नवी बकरी मोकळ्या घरात ठेवायची, नाहीतर आधीची एक घर सरकवायची. शेजारच्या बकरीवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या घरात जाता आलं, की वाघानं ती खाल्ली. पाच खाल्ल्या की वाघ जिंकला. चारी वाघांना हलायला जागा राहिली नाही, की बकऱ्या जिंकल्या.

आणि आमच्याकडं आणखी एक होतं. पटाच्या मधोमध जे घर, ते देऊळ. देवळात वाघ शिरत नाही. आणि देवळात जाऊन आलेली बकरी देवाची. तिला वाघानं शिवायचं नाही, मग ती पटावर कुठंही असो. बिरोबाच्या नावानं सोडलेल्या बोकडाला गावात कुणी हात लावत नाही, तसंच हे. ओळखू यावी म्हणून तिला हळदीचं बोट लावायचं. माझी प्रत्येक बकरी आधी देवळात जायची. "आधी दर्शन, मग चरायला," असं मी म्हणायचे.

वाघ घ्यायचा माझा भाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तो रोज हरायचा आणि मी त्याला ‘फुसका वाघ’ म्हणायचे. नुसती घरात नाही, पाणवठ्यावर, शाळेच्या वाटेवर, आत्या-मामांसमोर. तो चिंचोके डब्यात भरून उठायचा.

त्या भावाशी मी सहा वर्षं बोलत नव्हते.

झालं होतं असं. भावाच्या मुलीचा साखरपुडा होता, कुर्डुवाडीला, त्याच्या घरी. तो रेल्वेत होता, तिथंच घर बांधून राहिलेला. मला त्या साली तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला होता, तर कुणीतरी पंक्तीत त्या पुरस्काराचं कौतुक केलं. भाऊ वाढता वाढता हसून म्हणाला, "हिला जिंकायची सवय आमीच लावली की." झालं. माझं डोकंच फिरलं. रात्रीचा दिवस करून मिळवलेलं हे माझं, आणि त्याचं श्रेय घेणारा हा कोण? नव्या व्याह्यांच्या देखत मी म्हटलं, "तू काय सवय लावणार? फुसका वाघ तू. जन्मात एक डाव तरी जिंकलास का?" पंक्तीत कुणाला कळलं नाही हे कशाबद्दल चाललंय, पण अपमान कळायला अर्थ लागत नाही. त्यानं हातातली भाजीची बादली खाली ठेवली आणि तो मागच्या दारानं बाहेर गेला. मी वाट बघत राहिले, की त्यानं येऊन माफी मागावी. त्यानं मागावी! पुढं भाचीच्या लग्नाला आत्या गेली नाही. आई माझ्याकडंच असते, ती शेजारच्या खोलीत बसून त्याच्याशी रोज फोनवर बोलायची आणि दार मुद्दाम उघडं ठेवायची. मी उठून ते दार लावायचे.

तर असा खेळ मी त्या एआयला सांगायला बसले. मराठीत, फळ्यावर मुलांना सांगते तसं. पट असा, वाघ इतके, बकऱ्या इतक्या, देऊळ मध्ये. बटण दाबलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढवते तोवर समोर पट! रेघा, घरं, कोपऱ्यांत चार वाघ. मी एका घरावर बोट टेकवलं तर तिथं बकरी उभी राहिली, आणि कोपऱ्यातला एक वाघ स्वतःहून एक घर पुढं सरकला. मी फोन टेबलावर टाकून दिला. खरंच टाकला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय झालं? चटका बसला का?" मला सांगताच येईना. लहानपणी कोळशानं हात काळे करून जे आखायचो ते कुणीतरी माझ्या बोलण्यातून ऐकून काढून दिलं होतं, आणि वर माझ्याशी खेळायला बसलं होतं.

सगळं पहिल्या फटक्यात नीट झालं असं नाही. वाघ एकदम दोन बकऱ्यांवरून उडी मारत होता. बकरी मेली की ‘शाब्बास!’ अशी पाटी येत होती, जणू काही पुण्यकर्म झालं. देवळाचा रंग गुलाबी. मी एकेक चूक सांगत गेले, ते सुधारत गेलं. एक चूक सुधारताना दुसरीच काहीतरी बिघडवायचं, मग तीही सांगायची. देवळातून आलेल्या बकऱ्या ओळखू कशा याव्यात असं त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, कपाळाला हळदीचा पिवळा टिळा लाव. लावला. दुपारच्या चहापर्यंत माझा खेळ तयार होता, आणि पाढेवाले अजून सातच्या पाढ्यात अडकले होते. मी कॉलर नसताना कॉलर ताठ करून फिरत होते.

शेजारच्या बाई म्हणजे माझ्याच शाळेतल्या, मराठी शिकवतात. त्यांचं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं, चादरी विणणाऱ्यांचं, घरात तेलुगू बोलतात. त्या म्हणाल्या, "आणा, मी वाघ होते." मी बकऱ्या घेतल्या. आधी दर्शन, मग चरायला. दहा मिनिटांत पटावर पिवळेच पिवळे टिळे झाले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्यात मी करायचं काय?"

"खेळायचं."

"अहो, पण खायला काहीच नाही की. सगळ्या बकऱ्या देवाच्या. मी नुसतं बघत बसायचं का?"

"नीट खेळा, म्हणजे मिळेल खायला," मी म्हटलं. अगदी वर्गात म्हणते तशी.

"आमच्या घरीपण खेळायचो आम्ही हे," बाई म्हणाल्या. "पण देऊळ-बिऊळ नव्हतं बाई कधी. मधलं घर ते मधलंच घर."

मला राग आला. त्यांना खेळायला येत नाही म्हणून नियमाला नावं ठेवतायत असं वाटलं. मी एआयला सांगितलं, वाघ आणि बकऱ्या दोन्ही बाजूंनी तूच खेळ, शंभर डाव खेळ, आणि वाघ किती वेळा जिंकला ते सांग. दाखवतेच ह्यांना. उत्तर यायला चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. शून्य. बकऱ्या आधी देवळात नेल्या तर वाघाला शंभरात एकही डाव नाही. आणि खाली ते वाक्य, या नियमांप्रमाणे वाघ कधीच जिंकू शकत नाही.

मूर्ख म्हणून झाल्यावर मी प्रशिक्षणाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि पेन्सिल घेतली. नवी बकरी कुठल्याही मोकळ्या घरात ठेवता येते. म्हणजे देवळातही ठेवता येते. ठेवली, ती देवाची झाली. पुढच्या पाळीला ती बाहेर काढायची, त्याच्या पुढच्या पाळीला दुसरी आत ठेवायची. देवळात वाघ शिरत नाही, म्हणजे वाटही अडवू शकत नाही. म्हणजे वाघाला खाता येईल अशी बकरी पटावर येतच नाही. कधीच नाही. चार ओळी. आठवीतल्या पोराला सुटेल असं उदाहरण.

मी ते पान बघत राहिले. अठ्ठावीस वर्षं गणित! मुलांना सांगायचे, बाळांनो, उत्तर बरोबर आलं तरी ते का आलं ते विचारा. आणि पन्नास वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं, की मी हरत का नाही. मला वाटायचं मी हुशार आहे. वर्गातल्या मुलांशीसुद्धा कितीदा हा खेळ खेळले, बकऱ्या घेऊन, देऊळ मध्ये ठेवून. ती पोरं हरायची आणि माझी हुशारी बघून टाळ्या वाजवायची. बाईंना कोण सांगणार?

संध्याकाळी घरी आले तर आई शेंगा सोलत बसली होती. ऐंशी पार केलेली, पण कान शाबूत आणि जिभेला धार. मी चप्पल काढायच्या आत विचारलं, "आई, वाघ-बकरीत देवळाचा नियम कुठनं आला?"

"कुटनं येतोय? घरातनंच."

"घरातनं म्हणजे? गावात नव्हता?"

"न्हाय की."

"मग आबा, चुलते, मामा, सगळे तसेच खेळायचे की माझ्याशी."

"तुज्याशी," आई म्हणाली. "तू बसलीस की देऊळ. तू उटलीस की देऊळ न्हाय. तुला म्हाईत नव्हतं व्हय? सगळ्या गावाला म्हाईत हाय."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की मी तिथंच जमिनीवर बसले. सगळ्या गावाला! मी पाणवठ्यावर ‘फुसका वाघ’ म्हणून ओरडायचे तेव्हा तिथल्या बायका हसायच्या. मला वाटायचं त्या त्याला हसतायत.

मग आईनं सांगितलं. मी सहा वर्षांची होते. माझं एक करडू होतं, एक कान पांढरा, ते माझ्या अंथरुणात झोपायचं. ते मला आठवतं. एका पहाटे वाघरीतून, शेळ्यांभोवतीच्या जाळीतून, लांडग्यानं ते नेलं, हेही आठवतं, जाळीला अडकलेले केस आठवतात. त्यापुढचं मला काहीच आठवत नाही आणि तेच आई सांगत होती.

"आट दिस तोंडातनं शबुद न्हाय काढलास. भाकरीला शिवली न्हाईस. मग एक दिस आबा आनि तुजा दादा वाघ-बकरी खेळत हुते, तू बगत हुतीस. वाघानं बकरी खाल्ली आनि तू किंचाळलीस ती डोळंच पांढरं केलंस. दातखिळी बसली. पाळण्यातल्या पोरावानी उचलून न्यावं लागलं. दुसऱ्या दिशी पुन्यांदा तेच. मी म्हनलं, जळला तो खेळ. पट पुसून टाकला. चिंचोकं उकिरड्यावर."

"आणि?"

"आनि काय. पोरानं चिंचोकं येचून आनलं. मला म्हनला, आई, ती बोलत न्हाय, पर ती बगत हुती. मी करतो कायतरी. संद्याकाळी पट आकला नि तुला म्हनला, बये, हे मदलं हाय ते बिरोबाचं देऊळ. हितनं आलेली बकरी देवाची. वाघाच्या बाची टाप न्हाय तिला शिवायची. आनि माज्या डब्यातली हळद घिऊन एकेक चिंचोका रंगिवला. तू त्या दिशी जिंकलीस आनि म्हनलीस, फुसका वाघ." आई हसली. "आट दिसांनी पयला शबुद काढलास त्यो ह्यो."

शेंगांचा ढीग आमच्या मध्ये होता. मी एक शेंग उचलली आणि ती मला फोडता येईना.

नऊ वर्षांचा होता तो! मला वाटत होतं फार तर मोठ्या माणसांनी कुणीतरी दटावून ठेवलं असेल, की धाकटी आहे, जिंकू दे तिला. तसंही नव्हतं. त्यानं स्वतः बसून असा नियम शोधून काढला होता, ज्यात तो कधीच जिंकणार नाही. आणि तो इतका पक्का होता, की त्यातली फट शोधायला शंभर डाव खेळूनही यंत्राला जमलं नाही. गणित कुणाला येत होतं मग आमच्या घरात?

"मला कधी सांगितलं का नाही?" मी ओरडलेच. "मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी?"

"मी म्हनत हुते. त्योच म्हनला, ऱ्हाऊ दे." आईनं सुपातली टरफलं बाजूला केली. "त्या दिशी पंगतीत एवढंच म्हनला त्यो, सवय आमीच लावली. खोटं म्हनला व्हय?"

त्या रात्री मी जेवले की नाही ते आठवत नाही. सकाळी प्रशिक्षणाला दांडी मारली. अठ्ठावीस वर्षांत कुठल्याही प्रशिक्षणाला मी दांडी मारलेली नव्हती. स्टेशनवर गेले आणि कुर्डुवाडीच्या गाडीत बसले. गाडीत फोन काढून एआयला लिहिलं, देवळाचा नियम काढून टाक. मधलं घर साधं घर कर. टिळे काढ. आणि दोन माणसांना समोरासमोर बसून खेळता येईल असं कर. गाडी पुढच्या स्टेशनाला थांबायच्या आत ते झालं होतं. पन्नास वर्षं जो नियम कुणी मोडला नाही तो इतक्यात गेला. मला वाटलं होतं ते निदान विचारेल तरी, नक्की का म्हणून. नाही विचारलं.

दार भावानंच उघडलं. केस पार पांढरे झाले होते. सहा वर्षांत माणूस इतका म्हातारा होतो? मी वाटेत घोकलेलं सगळं विसरले.

"ये," तो म्हणाला. जणू काल संध्याकाळी गेलेली बाई परत आली होती.

वहिनींनी पाणी आणलं, माझ्याकडं बघितलं आणि तांब्या घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मला माफी मागायला येत नाही. शिकलेच नाही कधी, जिंकणाऱ्याला ती लागत नाही. म्हणून मी फोन काढून त्याच्यापुढं ठेवला.

"हे मी बनवलंय."

त्यानं चष्मा लावला. पट बघितला. "तू? तुला येतं ह्ये?"

"काही येत नाही. बोलून करून घेतलं. दादा, मला आईनं सगळं सांगितलं."

त्यानं मान हलवली. "वाघ कुटले माजे?" एवढंच विचारलं.

पट आमच्या मध्ये स्टुलावर. मी सवयीनं पहिली बकरी मधल्या घरात ठेवली. त्याचा एक वाघ येऊन तिच्याशेजारी बसला. मी दुसरी बकरी कडेला ठेवली. आता मधल्या बकरीच्या पलीकडचं घर मोकळं होतं, आणि वाघाला उडी मारता येत असेल ते घर हिरवं व्हावं असं मी करून घेतलं होतं. ते हिरवं झालं. त्यानं ते बघितलं. आणि कोपऱ्यातला दुसराच वाघ हलवला.

"दादा, तो नियम मी काढलाय."

"दिसतंय की."

"मग खा."

"असू दे."

पुढच्या पाळीलाही ते घर हिरवंच होतं, आणि त्यानं पुन्हा भलताच वाघ हलवला. माझा तोल गेला. सहा वर्षांनी आले होते, तोंडातून एक गोड शब्द निघाला नव्हता, आणि मी त्याच्यावर ओरडत होते, "खा की! मी काय सहा वर्षांची आहे का आता? मला पुन्हा जिंकवू नकोस!"

तो कसनुसं हसला. "हात जात न्हाय बये."

"ऊठ," मी म्हटलं. "वाघ मी होते."

मी वाघ कधीच झाले नव्हते. आयुष्यात नाही. फोन फिरवला, डाव नव्यानं मांडला. त्यानं बकरी घेतली आणि मधल्या घरात ठेवली. मी वाघ तिच्याशेजारी आणला. त्यानं दुसरी बकरी लांब कडेला ठेवली. पलीकडचं घर हिरवं झालं.

मी विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही केला. बोट आपोआप गेलं. टप् असा आवाज झाला, बकरी नाहीशी झाली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, अंगावर शहारा येईल इतका आनंद झाला. पहिली खाल्ली!

आणि मग बोट तसंच फोनवर राहिलं. इतकं सोपं होतं ते. समोर बकरी, पलीकडं मोकळं घर, आणि आतून कुणीतरी हात ढकलतंय. पंचावन्न वर्षांच्या बाईला तो हात आवरला नाही. आणि हा नऊ वर्षांचा होता. दहा, अकरा, बारा वर्षांचा होता. रोज संध्याकाळी त्याच्यापुढं वीस बकऱ्या पिवळ्या हळदीच्या, आणि समोर मी, फुसका वाघ, फुसका वाघ म्हणून टाळ्या वाजवणारी. रोज त्यानं हात धरून ठेवला होता.

मला हुंदका आवरेना. "दादा," एवढं म्हटलं. वहिनी दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. पटाकडंच बघत होता. चष्मा नाकावर सरकलेला.

"रडायला काय झालं? अजून चार खायच्यात तुला," तो म्हणाला, आणि पुढची बकरी त्यानं पुन्हा मधल्याच घरात ठेवली.